क्लासच्या पाटीवरची जावा

आमच्या कडेगावात आसिया मुल्ला घराच्या पुढच्या खोलीत मुलींना प्रोग्रॅमिंग शिकवते. दारावर पाटी होती, ‘जावा शिका, पाया पक्का करा.’ पुण्याच्या नोकरीत तिनं हीच एक भाषा वापरली आणि लग्नानंतर तीच घेऊन गावात आली. शिकवते मात्र जीव ओतून. मुलगी चुकली की शेजारी स्टूल ओढून बसते आणि तिची चूक तिलाच सापडेपर्यंत थांबते.

मंगल तिची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. वडील दादासो मेंढरं राखतात. कॉलेज संपल्यावर त्यांनी लेकीला वर्षभराची मुदत दिली होती. नोकरी लागली तर ठीक, नाहीतर स्थळं बघायची. मंगलनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, “मॅडम, समदी पायथन म्हणत्यात. ती भाषा शिकू का?”

“आधी जावा. पायथनचं नंतर बघू.”

ते नंतर काही आलं नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा सांगलीच्या एका कंपनीनं मंगलला मुलाखतीला बोलावलं. मला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून आसिया, मंगल आणि मी तिघी एकाच एसटीनं गेलो. कंपनीला पायथन येणारीच हवी होती, तीही लगेच. मंगल आत गेली तशी बाहेर आली.

परतताना तासगाव मागं पडलं. मग आसिया म्हणाली, “मंगल, पाया वगैरे काही नव्हतं गं. पायथन मलाच येत नव्हतं. सांगितलं असतं तर तू दुसरीकडे गेली असतीस.”

मंगल खिडकीतून बाहेर बघत होती. “ठाव हाय, मॅडम. मी पायथनचं इचारलं की तुमी डस्टर शोधायच्या.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलून जायाचं कुटं? बाईमाणसाचा क्लास म्हणून आबांनी धाडलं. दुसरीकडं न्हाई धाडायचे.”

“चार शब्द सुनावले असतेस तर बरं वाटलं असतं,” आसिया एवढंच पुटपुटली.

स्टँडवर दादासो उभेच होते. मंगलनं तोंड उघडायच्या आत आसिया पुढं झाली. “आबा, चूक माझी आहे. हिला भाषा मी निवडून दिली, ती माझ्या सोयीची. अजून थोडे महिने द्या.”

“भाषा बोलाय कोन न्हाई आन शिकायला एवढ्या,” दादासो म्हणाले. मग त्यांनी लेकीकडं बघितलं. “दिवाळीपातुर थांबतो. फुडं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी आसियानं पाटी उतरवली. क्लास सुटला की आता दोघी एकाच स्क्रीनसमोर बसून पायथन शिकतात. बऱ्याचदा मंगलला आधी समजतं. मग स्टूल ओढून शेजारी बसायची पाळी तिची असते. नवी मुलगी आली की आसिया आपल्याला काय येत नाही ते आधी सांगते. अशा दोन मुली तर तेवढ्यावरच परत गेल्या.

मंगलनं पुन्हा अर्ज पाठवलेत. दिवाळी जवळ आलीय. मंगलचा फोन वाजला की आसियाचा हात कीबोर्डवरच थांबतो.