मंगळवारचा हिरवा वोक

"मॅडम, दो बजे मेरी मीटिंग है. अब आप पॅक करा दीजिए या रहने दीजिए, आपकी मर्ज़ी."

मेहरा मॅडम पर्स उचलून उभ्या राहिल्या. त्यांच्यापाठोपाठ त्यांच्या ऑफिसमधली दहा माणसं उभी राहिली. टेबलावर सूपचे रिकामे बाऊल, संपलेले डंपलिंग आणि पाण्याचे ग्लास. जेवणाचा पत्ता नाही. पावणेदोन वाजले होते आणि ही मंडळी एक वाजून पाच मिनिटांनी येऊन बसली होती.

मी जेवढ्या प्रकारे 'सॉरी' म्हणता येतं तेवढ्या प्रकारे म्हणाले. ओशाळं हसलेही. त्या दारापर्यंत गेल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "तीसरा मंगल है ये." मला माहीत होतं. पहिले दोन मंगळवारही मीच सॉरी म्हणत काढले होते.

आणि नेमके त्या दिवशी आमचे मालक भाटिया सर कोपऱ्यातल्या टेबलावर बसून हे सगळं बघत होते.

मी दिल्लीत एका एशियन रेस्टॉरंटची मॅनेजर आहे. कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागच्या बाजूला, चारी बाजूंनी ऑफिसं. 'एशियन म्हणजे नक्की काय गं?' असं पुण्याची माझी आत्या दर दिवाळीला विचारते. थाई करी, जपानी नावाचे नूडल्स, कोरियन नावाचं चिकन आणि जन्माने अस्सल दिल्लीकर असलेलं चिली पनीर हे सगळं एका छपराखाली मिळालं की त्याला एशियन म्हणतात. आत्याला हे पटत नाही. मलाही फारसं पटत नाही, पण चालतं.

संध्याकाळचं गिऱ्हाईक बसायला येतं, दुपारचं उठायला येतं. आल्या आल्या त्याचं लक्ष घड्याळाकडे. एक ते दोन या एका तासात अख्खं रेस्टॉरंट भरतं आणि रिकामं होतं. पंचेचाळीस मिनिटांत ऑर्डर, जेवण, बिल, बडीशेप. यात दहा मिनिटं इकडची तिकडे झाली तरी माणूस पुढच्या वेळी शेजारच्या छोले-भटुऱ्यांकडे जातो. तिथे पाच मिनिटांत ताट समोर येतं.

गंमत म्हणजे सोमवारी सगळं वेळेवर. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, वेळेवर. फक्त मंगळवारी आमच्या किचनला काहीतरी व्हायचं.

मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. पहिल्या मंगळवारनंतर मी प्रिंटर बदलला. वेटरने ऑर्डर घेतली की किचनमध्ये एक चिठ्ठी छापून निघते, तिला आम्ही केओटी म्हणतो. मला वाटलं, चिठ्ठ्याच उशिरा निघत असतील. नवा प्रिंटर आला, चिठ्ठ्या खटाखट निघू लागल्या आणि खटाखट टांगून राहू लागल्या. दुसऱ्या मंगळवारी मेहरा मॅडमच्या ग्रुपकडून सकाळीच व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर मागवली. अकरा जणांनी ऑर्डर दिली. आल्यावर सात जणांनी बदलली. "यार, सुबह भूख अलग थी," असं त्यातल्या एकाने मला अगदी प्रेमाने समजावलं. भाटिया सरांनीही एक उपाय सुचवला होता. गाणी जरा फास्ट लावा, लोक पटापट खातील. अहो, खायला समोर काही आलं तर खातील ना!

किती वेळ लागतो ते मोजायला मी किचनमध्ये उभीही राहिले होते. बुधवारी. कारण मंगळवारी मला बाहेर सॉरी म्हणण्यातून सवड नव्हती. बुधवारी सगळं झकास चाललं होतं. मी वहीत 'ओके' लिहून बाहेर आले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी वही-पेन घेऊन घातला.

तर तिसरा मंगळवार. मेहरा मॅडम गेल्या आणि भाटिया सर तरातरा किचनमध्ये शिरले. मी मागोमाग.

आमच्या किचनला हॉलच्या बाजूने काच आहे. बसल्या जागी गिऱ्हाइकाला आतलं सगळं दिसतं. आत तीन मोठ्या शेगड्या आणि त्यांच्यावर वोक. वोक म्हणजे खोलगट चिनी कढई, जाळ मोठा ठेवून भराभर परतायची. लाल दांड्याचे वोक चिकन-मासळीचे, हिरव्या दांड्याचे फक्त शाकाहारी. दोन लाल, एक हिरवा. आणखी एक हिरवा भिंतीला टांगलेला. हा नियम शेफ तामांगचा. ज्याच्या हाताला सकाळपासून चिकन लागलंय त्याने हिरव्या वोकला शिवायचं नाही. तामांग दार्जिलिंगकडचा, पन्नाशीचा, आमच्याकडे अकरा वर्षं. स्वतः सगळं खातो, पण या बाबतीत सोवळ्यातल्या आजीबाईंना लाजवेल.

मी आत पाहिलं आणि जे आधीच दिसायला हवं होतं ते मला प्रथमच दिसलं. लाल वोकसमोर दोघं जण जवळपास रिकामे उभे. आणि हिरव्या वोकवर तामांग एकटा, घामाने निथळलेला, डोक्यावर चिठ्ठ्यांचं तोरण. चिली पनीर, व्हेज हक्का, टोफू बेसिल, व्हेज थाई करी. सगळ्या त्याच्याच.

"ये दोनों खाली क्यों खड़े हैं?" भाटिया सर ओरडले. "इनको भी वेज पे लगाओ!"

"सर, इनका हाथ सुबह से चिकन में है," तामांग परतता परतता म्हणाला.

"तो धो लेंगे. वोक भी धो लो. किसको पता चलेगा?"

तामांगने शेगडी बारीक केली. "सर, मैंने ही सब टेबल को बोला है कि अलग बनता है. वो मैं नहीं करेगा."

काचेपलीकडे एक गृहस्थ मनगटाला लाल धागा बांधून उभे होते. ते दर मंगळवारी येतात, काचेला नाक लावून कढई बघतात आणि मगच ऑर्डर देतात. भाटिया सर त्यांच्याकडे बघून हात जोडून हसले, आणि तेच हसू तोंडावर ठेवून मला हळूच म्हणाले, "अगले मंगल तक देखता हूँ. नहीं तो इसको हटाओ. नया शेफ लाओ."

मी 'जी सर' म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. तामांग मुनिरक्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, मुलगी यंदा बारावीला. पन्नाशीच्या शेफला या शहरात परत कुठे घेतात? रील्स करणारी पंचविशीतली पोरं हवी असतात सगळ्यांना.

लंच आटोपल्यावर मी त्याला विचारलं, "नेगी कहाँ है?" नेगी म्हणजे आमचा हिरव्या वोकचा कुक. गढवालचा, शांत, स्वतः पक्का शाकाहारी.

तामांगने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं. "मंगल को तो उसका ऑफ है, मॅडम."

"मंगल को? किसने दिया?"

तो कपडा उचलून शेगडी पुसायला लागला. ड्युटी तर मीच लावते.

सगळं लख्ख आठवलं. महिन्यापूर्वी नेगी आला होता. मंगळवारी त्याचा हनुमानाचा उपास असतो, मंदिरात जायचं असतं, सुट्टी मंगळवारी मिळेल का? मला केवढं बरं वाटलं होतं! मंगळवारी आमची चिकनची ऑर्डर निम्म्यावर येते, हे मला माहीत होतं. चिकन निम्मं म्हणजे काम निम्मं, असा माझा हिशेब. शिवाय उपास असलेला कुक मीठ चाखणार कसं? देवाचं काम, नेगीचं काम आणि माझं काम, एका सुट्टीत तिन्ही होत होती.

आमच्या पुण्यात उपास आठवडाभर वाटून घेतलेले असतात. कुणाचा सोमवार, कुणाचा गुरुवार, कुणाची चतुर्थी, कुणाचा शनिवार. दिल्लीत मात्र निम्म्या ऑफिसचा मंगळवार एकदम येतो. आणि मंगळवारी चिकन न खाणारा माणूस घरी उपाशी बसत नाही. तो तसाच लंचला येतो आणि चिली पनीर मागवतो. एवढंच नाही, तो वाटूनही खात नाही. एरवी मेहरा मॅडमचं टेबल सहा डिशेस मधे ठेवून सगळ्यांत वाटतं. मंगळवारी चिकनचा चमचा पनीरमध्ये जाईल म्हणून प्रत्येकाची डिश वेगळी. तीच अकरा माणसं, पण डिशेस अकरा, आणि त्यातल्या नऊ एकट्या हिरव्या वोकवर. वीस वर्षं या शहरात काढून हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. नेगी होता तेव्हा मंगळवारी भिंतीवरचा दुसरा हिरवा वोकही खाली उतरायचा. एकावर तो, एकावर तामांग. मी बाहेर काचेकडे पाठ करून गिऱ्हाइकं सांभाळायचे, मला कुठे दिसणार?

मग मी एक काम केलं, जे करायला नको होतं असं क्षणभर वाटलं. फोन उघडून किचनचा ग्रुप मागे मागे नेला. मिळालं. मी ड्युटीचा तक्ता टाकल्यानंतर दहाच मिनिटांनी तामांगचा मेसेज होता: 'मॅडम मंगल को नेगी का ऑफ मत दो. मंगल को वेज डबल रहता है. अकेले से नहीं होगा.'

त्याखाली माझं उत्तर होतं. एक अंगठा. पिवळा, टवटवीत, वर केलेला.

मला आठवतही नव्हतं. दिवसाला शंभर मेसेज येतात, मी सगळ्यांना अंगठा देते. नवऱ्याने 'गॅस संपत आलाय' लिहिलं, त्यालाही दिला होता, आणि त्या आठवड्यात सरोजिनी नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये दोन दिवस इंडक्शनवर खिचडी झाली होती. तेव्हा मी नवऱ्यावरच चिडले होते. आता चिडायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेले भाटिया सर, आणि चोर त्यांना 'जी सर' म्हणत शेजारी उभा.

खरं सांगते, गप्प बसण्याचा मोह झाला. नेगीची सुट्टी गुपचूप बदलायची, मंगळवार सुरळीत पार पाडायचा, कोण विचारतंय? पण मंगळवारी जरा जरी काही बिनसलं असतं, तर तामांग गेला असता. माझ्या अंगठ्यापायी.

भाटिया सर कोपऱ्यात डबा उघडून बसले होते. ते आमच्याकडचं कधीच खात नाहीत.

"सर, आज टिफिन में क्या है?"

"मंगल है भई. राजमा."

"घर में चिकनवाला चमचा धोके इसमें डाल दें तो?"

त्यांचा घास हातातच राहिला. "क्या बात कर रही हैं आप?"

"तामांग यही कह रहा था सर. और लंच उसकी वजह से लेट नहीं हो रहा. नेगी को मंगल का ऑफ मैंने दिया. तामांग ने मना किया था, लिखके. मैंने पढ़ा ही नहीं." मी फोन त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी वाचलं. अंगठाही पाहिला. "तो अब किसको हटाऊँ? आपको?"

"देख लीजिए सर. बस, अगले मंगल के बाद."

मग पंधरा मिनिटं मी जे ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही. त्यातलं बरंचसं खरं होतं.

नेगीला समजावणं त्याहून अवघड. देवाच्या आणि त्याच्या मधे मी येणार होते. शेवटी असं ठरलं की सकाळी सहाला मंदिर, अकराला किचन, आणि सुट्टी बुधवारी. "पर मॅडम, व्रत में चखूँगा नहीं," तो म्हणाला. "मत चख," तामांग म्हणाला, "तेरा नमक मैं देखेगा."

मेहरा मॅडमना मी स्वतः फोन केला. त्यांनी बरीच कुरकुर केली आणि पुढच्या मंगळवारी त्यांच्यासकट अकराऐवजी सातच जण आले. उरलेले चार छोले-भटुरे खायला गेले होते, असं त्यांनी मला मुद्दाम सांगितलं. एक वाजून दहा मिनिटांनी ऑर्डर गेली. आत दोन हिरवे वोक पेटलेले, एक लाल. नेगी परतायचा, चमचाभर रस्सा पुढे करायचा. तामांग तो चाखून फक्त मान हलवायचा किंवा मिठाकडे बोट दाखवायचा.  लाल धागेवाले गृहस्थ काचेला नाक लावून हा सगळा सोहळा बघत होते. एक पंचवीसला मेहरा मॅडमच्या टेबलावर सातही डिशेस होत्या. पावणेदोनला त्यांनी डेझर्टचा मेनू मागितला. दुपारी डेझर्ट मागणारं टेबल मी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

भाटिया सरांनी हॉलभर नजर फिरवली आणि मला म्हणाले, "देखा? थोड़ा टाइट किया तो सब ठीक हो गया ना." मी कपाळावर हात मारणार होते, पण नोकरी दोघांचीही शाबूत होती, म्हणून तो हात खालीच ठेवला.

चार वाजता मी तामांगकडे गेले. सॉरी म्हणाले. त्या महिन्यातलं माझं एवढं एकच सॉरी योग्य माणसाकडे गेलं. तो हिरवा वोक घासत होता.

"तुमने दुबारा क्यों नहीं बोला?" मी विचारलं.

"मॅडम, आपका अंगूठा आ गया था," तो म्हणाला. "मैं समझा, आप कर देंगे. फिर तीन मंगल मैं रास्ता देखता रहा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

तेव्हापासून मी अंगठा द्यायचा सोडला आहे. मेसेज शेवटपर्यंत वाचते आणि 'करते' किंवा 'जमणार नाही' एवढं लिहिते. नवऱ्याचं म्हणणं, पूर्वीची मी बरी होते, निदान आशा तरी असायची. गॅस आता तोच बुक करतो.