कपाटातला टेस्टर

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील कामगारांच्या सभांमधून आणायचे, मी त्यांवरच वाचायला शिकले. मोठा भाऊ कंत्राटी वायरमन झाला तेव्हा मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं: तारेत करंट आहे की नाही हे हात लावण्याआधी कळणं हा खांबावर चढणाऱ्याचा हक्क आहे. कंत्राटदाराच्या दारात उभी राहून ते कित्येक महिने वाटलं. शेवटी भावाच्या टोळीला एक टेस्टर मिळाला. ओढून लांब करता येणाऱ्या दांडीचा, तारेजवळ नेला की वाजणारा.

एका दुपारी कपाट उघडलं, तर तो साड्यांवर निजलेला. प्लास्टिकसकट. भाऊ पडेगावला कामावर.

"एवढं भांडून मिळालेलं, खराब नको व्हायला," वहिनी म्हणाली. "तुमचे भाऊच म्हणले, नीट ठेव."

मी स्कूटी काढली.

पडेगावात एका गल्लीची तार खांबावर जळाली होती. भाऊ डीपीतले फ्यूज काढून, कमरेला पट्टा बांधून शिडीपाशी उभा होता.

"आल्या बघा पुढारीणबाई," त्याचा जोडीदार म्हणाला. "मोर्चा कुठं सोडला?"

मी टेस्टर पुढं केला. भाऊ ओशाळला. "अगं, फ्यूज माझ्या खिशात हायेत. लाईन बंद हाय. जा घरी, लोकं बघायलेत."

"बंद आहे तर तपासायला काय जातं?"

त्यानं वैतागून प्लास्टिक फाडलं, दांडी ओढून लांब केली आणि तारेजवळ नेली. टेस्टर वाजायला लागला.

"नवा हाय, बिघडला असंल," जोडीदार म्हणाला.

दांडी खाली घेतली, आवाज थांबला. वर नेली, पुन्हा सुरू. मग भावानं गल्लीत नजर फिरवली. दोन घरांत दिवे चालू होते. इन्व्हर्टर असेल असं सगळ्यांनी धरलं होतं. विचारलं तर एकाकडंही इन्व्हर्टर नव्हता.

गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालय होतं. लाईट गेली म्हणून त्यांनी जनरेटर लावला होता, पण मेन स्विच पाडला नव्हता. जनरेटरचा करंट उलटा गल्लीच्या तारांत येत होता.

"लग्नाची घाई हो, राहून गेलं," तिथला माणूस म्हणाला.

"आमच्या घरी मयत झाली असती," मी म्हणाले. भावानं माझा दंड धरून मला बाहेर आणलं.

स्विच पाडल्यावर त्यानं पुन्हा एकेक तार तपासली. टेस्टर गप्प. मग तारा जमिनीला जोडणारी साखळी लावली आणि वर चढला. तो उतरेपर्यंत मी हलले नाही.

"घरी सांगू नको," पट्टा सोडताना तो म्हणाला. "लई घाबरंल ती."

रात्री जेवताना मी वहिनीला सगळं सांगितलं. त्याच्यासमोर. तो ताटात बघत भात कालवत राहिला.