जनूची ओळ

हौसा पाटील कॉम्प्युटर रूममध्ये बसून नेमकं काय करते, हे आमच्या रोह्याच्या कंपनीत निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. "गार हवेत बसून पडद्याकडे बघते," म्हणायचे. मला संताप यायचा. अहो, बघणं हेच तिचं काम होतं! कंपनीत मोठं मशीन एकच, हौसाच्या खोलीत. त्याला तारांनी जोडलेले पडदे आणि कीबोर्ड सगळीकडे होते: भांडारात, वजनकाट्यावर, लॅबमध्ये, आमच्या हिशेब खात्यात. त्यांना टर्मिनल म्हणायचे. कुणाच्या कामाने मशीन किती दमलंय, मेमरी किती उरलीय, डिस्क भरत आलीय का, हे हौसा स्वतःच्या टर्मिनलवर चार अक्षरं बडवून बघायची. पडद्यावर यादी उमटायची. एका माणसाची एक ओळ. तिच्यात त्याचं नाव, तो कुठल्या टर्मिनलवर आहे, काय चालवतोय, आणि कीबोर्डला शेवटचा हात लागून किती वेळ झाला.

त्या शेवटच्या आकड्याने आम्हाला सळो की पळो करून सोडलं होतं. कॅन्टीनमध्ये जरा गप्पा रंगल्या की फोन वाजलाच. "दिनादादा, तुमचा रिपोर्ट अर्धी मेमरी खाऊन बसलाय नि तुमी चहा पिताव. बंद करू का?" असा धाक की, तोंड पोळलं तरी आम्ही चहा संपवून पळत सुटायचो.

ती पेणजवळच्या जिते गावची. बाप मिठागरावर राबणारा, आई लवकर गेलेली. पेणला एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास निघाला, तेव्हा पहिल्या तुकडीत ही एकटीच मुलगी होती. सकाळच्या गाडीला ती जित्याला चढायची, मी पेणला. माझी जागा पिशवी ठेवून धरलेली असायची. नागोठण्यापर्यंत ती झोप काढायची आणि पुढे रोह्यापर्यंत एकच विषय, जनू. जनू तिचा धाकटा भाऊ. त्याचं नाक पुसण्यापासून बारावीपर्यंत सगळं हिनेच केलं. तो मार्गी लागेपर्यंत स्वतःच्या लग्नाचं नावही काढू दिलं नाही. शेवटी आमचे मॅनेजर हैबतराव यांच्या मागे लागून लागून तिने त्याला लॅबमध्ये चिकटवला. आयुष्यात तिने लावलेला वशिला हा एवढाच.

शहाण्णव सालचा वैशाख होता. दुपारी लॅबच्या मागच्या शेडमध्ये पाइपचा जोड सुटला आणि पांढरट वाफ बाहेर पडू लागली. भोंगा झाला. आमची इमारत गेटजवळ. खिडक्या लावा, ओली फडकी नाकाला धरा आणि आत बसा, असा हुकूम आला. हौसा दाराकडे धावली, पण सिक्युरिटीवाल्याने तिला अडवलं. लॅबचा फोन नुसता वाजत राहिला. मग ती स्वतःच्या खुर्चीवर परतली आणि तिने यादी मागवली. मी तिच्यामागे उभा होतो.

"हाय," ती म्हणाली. "जनूची ओळ हाय."

"मग ठीक आहे ना?"

"ओळ हाय म्हंजे मानूस हाय असं नाय, दिनादादा. बाहेर पलाला असंल तरी ओळ तशीच र्‍हाईल. आत पडला असंल तरी तशीच."

आकडा वाढत होता. भोंगा व्हायच्या आधीपासून जनूच्या कीबोर्डला हात लागलेला नव्हता. तिच्या गावात खाडीचा बांध फुटला, तर पहिला बघणारा बोंब मारतो आणि ऐकणारा हातातलं टाकून चिखल उचलून धावतो. बघितलं आणि बसून राहिला, असं तिथे कुणी करत नाही. इथे तिला सगळं दिसत होतं आणि बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर दोन शब्द पाठवता येत. इंग्रजी अक्षरांत तिने लिहिलं, "जनू हायस का". पाठवलं आणि लगेच दोन्ही हात जोडले. "उत्तर नको येऊ दे रे देवा. उत्तर आलं तं तो आत हाय."

आम्ही बघत राहिलो. आकडा वाढतोय याचंच बरं वाटत होतं. आणि तिने पुन्हा यादी मागवली, तर आकडा शून्यावर आला होता. उत्तर आलेलं नव्हतं, पण कीबोर्डला हात लागला होता.

हौसा किंचाळली. आम्ही दोघे धावत हैबतरावांच्या केबिनमध्ये शिरलो. बिचाऱ्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, दोन्ही कानांना दोन फोन. "लॅब रिकामी आहे," ते म्हणाले. "आपली माणसं दारातून हाका मारून आली. तुझं मशीन चुकलं असेल."

"मशीन चुकत नाय, साहेब! कोनीतरी बटन दाबलंय!"

त्यांनी पुन्हा फोन लावला, हे मी शपथेवर सांगेन. पलीकडून उत्तर आलं की हवेचे मुखवटे घातलेली माणसं शेडमध्ये गळती थांबवण्यात गुंतलीत, ती बाहेर येईपर्यंत कुणाला आत पाठवता येत नाही. फोन ठेवून हैबतराव म्हणाले, "ठिणगी उडू नये म्हणून सगळी वीज तोडतोय. मशीन नीट बंद कर, हौसा. नाहीतर सगळ्यांचं केलेलं काम पुसलं जाईल."

तिने सगळ्या टर्मिनलवर सूचना पाठवली, काम आवरा आणि टर्मिनल बंद करा. एकेक ओळ गळू लागली. भांडार गेलं, वजनकाटा गेला, हिशेब खातं गेलं. उरल्या दोन ओळी, तिची आणि जनूची. हैबतराव आमच्या मागे येऊन उभे होते.

"मी नाय बंद करायची."

"अगं, वीज जाणारच आहे. त्याचा पडदा तसाही विझणार."

खरंच होतं ते, आणि खरं होतं म्हणूनच ऐकवत नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने हुकूम टाइप केला. पडदा काळा झाला. मग ती टेबलावर डोकं आपटून ओरडून रडली, आणि मला तिला धरण्यापलीकडे काही सुचलं नाही.

उन्हं कलल्यावर गेट उघडलं. रस्त्यापलीकडे झाडाखाली जनू खोकत बसला होता, पायात एकच चप्पल! हौसाने आधी त्याच्या कानशिलात ठेवून दिली आणि मग मिठी मारली. आम्ही सगळे रडलो. हैबतरावांनी तर तिथेच हात जोडले. हजेरी घेतली, सगळी माणसं भरली. कुणीतरी पेढ्यांचं नावसुद्धा काढलं.

तेवढ्यात हौसाने त्याला दूर धरलं. "तू कवा पललास?"

"भोंगा झाला नि लगेच. कुंपणाच्या भिंतीवरून."

"मंग बटन कोनी दाबलं?"

जनूने वळून गेटकडे बघितलं. "बुधा," तो म्हणाला.

बुधा निडीजवळच्या कातकरवाडीचा. लॅबमधली काचेची भांडी धुवायचा. ठेकेदाराचा माणूस असल्यामुळे आमच्या हजेरीत त्याचं नाव नव्हतं, आणि मशीनवर तर नव्हतंच. आतल्या खोलीत नळाखाली भांडी धूत असताना बाहेरच्या बोळात वाफ भरली असावी. त्याला वाचता येत नव्हतं. रिकाम्या खोलीत पडद्यावर अचानक अक्षरं उमटलेली बघून त्याने हाक समजून एखादं बटण दाबून ओ दिली असेल, असं मला वाटतं. मुखवटेवाल्यांनी त्याला उचलून आणला तेव्हा धुगधुगी होती, पण अलिबागच्या इस्पितळाच्या वाटेतच तो गेला.

हौसाने नोकरी सोडली नाही. सोडून जाणार कुठे? पण त्या आठवड्यात मला म्हणाली, "दिनादादा, माझ्यासंगं निडीला उतराल?" आम्ही गेलो. बुधाची बायको येसू झोपडीसमोर बसली होती. हौसा तिच्यापुढे जमिनीवर बसली आणि पडदा, ओळ, आकडा, सगळं तिने काही न लपवता सांगितलं.

"म्हंजे त्याचा हात लागला तवा तुला दिसला, बाय?"

"दिसला."

"मंग?" येसूने विचारलं, आणि उत्तरासाठी हौसाच्या तोंडाकडे बघत राहिली.