काचेच्या टाकीचा पाणीपुरवठा

पेडणे तालुक्यातल्या चोपड्याचा सगुण निवृत्त होऊन घरी बसला, तरी पाणी काही त्याच्या डोक्यातून जाईना. पाणीपुरवठा खात्यात वॉल्व्हमन म्हणून त्याने जन्म काढला होता. कुठल्या वाड्याला, म्हणजे गावातल्या कुठल्या वस्तीला, कधी आणि किती जोरात पाणी सोडायचं, ते त्याच्या हातातली लोखंडी चावी ठरवायची. लोकांच्या मते ते सगुणची झोप ठरवायची. आणि त्याची बायको रुक्मिणी सांगायची, वरच्या वाड्याचं रडगाणं राहू दे, आमच्या नळाकडे बघा. वशिला म्हणतील म्हणून या माणसाने स्वतःच्या घराला कधी धड पाणी दिलं नाही.

अशा माणसाच्या ताब्यात आपली समुद्राची टाकी देऊन त्याची मुलगी गौरवी कंपनीच्या ट्रेनिंगसाठी बेंगळुरूला गेली.

टाकी म्हणजे हॉलमधली लांबलचक काचेची पेटी. आत खारं पाणी, पांढरी वाळू, दगडांची रास, दोन नारिंगी मासे आणि दगडांवर वाढणारी प्रवाळं. त्यातलं एक अळंब्यासारखं होतं, मऊ, टोपीभर बारीक बोटं फुटलेलं. नखाएवढा तुकडा आणून गौरवीने ते बशीएवढं केलं होतं. घरात त्याला सगळे छत्री म्हणत. जाताना तिने खाऊ किती टाकायचा, आटलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी किती ओतायचं, सगळं दोनदोनदा सांगितलं आणि शेवटी म्हणाली, “बाबा, बाकी कायव झाला तरी चलात, छत्री तेवढी सांभाळा.”

सगुणने छाती पुढे काढून सांगितलं की अर्ध्या पेडण्याला पाणी पाजलेला माणूस आहे तो, या पेटीचं काय घेऊन बसलीस.

टाकीच्या दोन्ही टोकांना मुठीएवढे दोन पंप होते. त्यांचं काम एकच, आतलं पाणी सतत वाहतं ठेवणं. त्यांच्याबद्दल गौरवी काहीच बोलली नव्हती, कारण ते बंद करायचे असतात असं कोणाच्या डोक्यातच येत नाही. सगुणच्या आलं. चोवीस तास पाणी? ते तर आमदाराच्या घरीही नसतं. पाणी कसं, वेळेवर सोडावं आणि वेळेवर बंद करावं, नाहीतर लोक माजतात. म्हणून सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंगा वाजला की पंप चालू, रुक्मिणीचा स्वयंपाक आटोपला की बंद. संध्याकाळी परत तसंच. टाकीला मागे लावलेल्या गाळणीला मात्र त्याने हात लावला नाही. ती त्याच्या हिशेबी शुद्धीकरण केंद्र होती, आणि केंद्राला सुट्टी नसते.

थोड्याच दिवसांत छत्री मिटली. पहिल्यांदा पाहिलं रुक्मिणीने.

“अहो, छत्रीची बोटां खंय गेली?”

“निजली असा ती. पाणी इला काय उठतली.”

पाणी आलं, पण छत्री उठली नाही. उलट टोपीवर सायीसारखा चकचकीत थर धरला आणि त्यावर तपकिरी घाण बसू लागली. तिकडून गौरवीचा रोज निरोप यायचा, छत्रीचा फोटो पाठवा. सगुणने माशांचा फोटो पाठवला. मग वाळूचा. मग टाकीसमोर उभ्या रुक्मिणीचा, ज्यात रुक्मिणी सगळी दिसत होती आणि टाकी अजिबात नाही. गौरवीने विचारलं, आई का रागावलीय?

मग सगुणने निदान केलं, दाब कमी पडतोय. त्याने दोन्ही पंपांची तोंडं छत्रीवर रोखली आणि जोराची कळ शेवटपर्यंत फिरवली. वाळूची वावटळ उठली. तळाची काच उघडी पडली, मासे दगडामागे दडले, आणि छत्री वाऱ्यात सापडलेल्या केळीच्या पानासारखी एका अंगावर आडवी झाली. रुक्मिणी हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, आता पायपलायन फुटूक व्हयी, म्हणजे झाला.

नाइलाजाने सगुणने म्हापशाच्या रुद्रेशला फोन लावला. गौरवी त्याच्याच दुकानातून टाकीचं सामान आणायची. रुद्रेशचं प्रत्येक वाक्य “बेसिकली अंकल”ने सुरू व्हायचं. बेसिकली अंकल, अशा मऊ प्रवाळाला टाकीतलं सगळं पाणी तासाला पंधरा-वीस वेळा फिरलं तर पुरे, पंपावर आकडा असतो तो बघा. यावर सगुण उसळला. आकडा पंपावर असतो, मध्ये दगड आला तर पलीकडच्या घराला काय मिळतं ते कोण बघणार? रुद्रेशला ते पटलं. बेसिकली तेच अंकल, आकड्यानंतर डोळ्यांनीच बघायचं. वाळू उडाली तर जोर जास्त, घाण बसून राहिली तर कमी. बोटं इकडेतिकडे डुलायला हवीत, एकाच बाजूला झोपायला नकोत. थेट अंगावर मारायचं नाही, काचेवर आपटवून परतवायचं. आणि ती साय म्हणजे छत्री कात टाकतेय, ती वाहून न्यायला पाणी हलतं लागतं. पंप बेसिकली कधीच बंद करायचे नाहीत.

“बंद कोण करता?” सगुण इतक्या चटकन म्हणाला की पुढचं सांगायची गरज नव्हती. तरी आतून रुक्मिणीचा आवाज आलाच, “हेच करतत.”

फोन ठेवून सगुण कामाला लागला. माशांचा खाऊ चुरून चिमूटभर पाण्यात सोडला आणि कण कुठे जातात ते नाक काचेला लावून पाहत बसला. पुढच्या वाळूवर कण थांबतच नव्हते, म्हणजे खालच्या वाड्यात धबधबा. दगडामागे मात्र पाणी पोचतच नव्हतं, कण सगळे गोळा होऊन बसले, तो त्याने तळ्याकडचा वाडा ठरवला. एक पंप समोरच्या काचेकडे वळवला, दुसरा मागच्या, जोर अर्ध्यावर आणला, परत चिमूट सोडली. मग पंप केसभर सरकवला. रुक्मिणीने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. लग्नानंतर या माणसाने आपल्याकडे एवढं टक लावून बघितल्याचं आठवत नाही, असं ती टाकीतल्या माशांना सांगून गेली.

साय सुटायला लागली. आधी फाटक्या पदरासारखी लोंबली, मग एका सकाळी अख्खी निघून पाण्यात तरंगली. खाली छत्री गुळगुळीत टकली. रुक्मिणीने हात जोडले. आणि तेवढ्यात गौरवीचा फोन, म्हापशाला उतरले, येतेच.

सगुणने तिला दारातच गाठलं. बेंगळुरूला पाणी किती वेळ येतं, असं विचारलं. ती बाजूने आत जायला लागली तसा त्याचा धीर सुटला.

“चूक झाली गो. मी पंप बंद करी होतंय.”

गौरवी खांद्यावरच्या पिशवीसकट टाकीपुढे गुडघ्यांवर बसली. टोपीच्या कडेला मोहरीएवढे ठिपके वर आले होते. त्यांतला एकेक पाण्याबरोबर इकडे झुकत होता, तिकडे झुकत होता.

“जिती असा,” ती म्हणाली. “बोटां येतत. कधी बंद करी होतास?”

“दुपारी फक्त. आनी राती.”

“मग चालू कधी होते?”

सगुण विचारात पडला. उत्तर रुक्मिणीने स्वयंपाकघराकडे बोट दाखवून दिलं, “रांदपाच्या वेळार.”

गौरवीला हसू आवरेना. हसता हसताच तिने पंप पूर्वीच्या जागी वळवायला हात पाण्यात घातला, तर सगुणने तिचं मनगट धरलं.

“रव. तेका हात लावू नको. तळ्याकडच्या वाड्याक आता खंय पाणी पोचूक लागला.”

तिने वाकून दगडामागे पाहिलं. तिथे नेहमी साचणारी घाण नव्हती. तिने हात काढून घेतला, ओढणीला पुसला.

“तळ्याकडचो वाडो खंयचो?” तिने विचारलं.

सगुणने स्टूल पुढे ओढलं आणि पहिल्या वाड्यापासून सुरुवात केली.