काकूंनी निवडून दिलेलं पुस्तक

"तुले काय आवडते, ते नको सांगू. रात्री झोप लागते का, तेवढं सांग."

चंदीगडच्या सेक्टर २२ मधल्या काकूंकडे वाचायला काही मागितलं की आधी हा प्रश्न यायचा. माहेर-सासर दोन्ही अकोल्याकडचं. काका केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि दोघं चंदीगडलाच राहिली. बदली झालेली मराठी कुटुंबं सामान हलकं करताना पुस्तकं त्यांच्याकडे ठेवून जात. त्यातून दोन कपाटं भरली होती. पण कपाटाला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. निवड काकूंची.

रहस्यकथांशिवाय काहीच न वाचणाऱ्या एका कर्नलसाहेबांना त्यांनी बागकामाचं पुस्तक दिलं. साहेब महिनाभर गुलाबांबद्दल बोलत होते. मराठीला हिंदीत उत्तर देणाऱ्या माझ्या लेकीला भुतांच्या गोष्टी दिल्या, तर ती "आजी, और है क्या?" म्हणत पुन्हा दारात. मला विनोदी हवं असायचं, हातात जाडजूड चरित्र पडायचं. मी कुरकुरायचे आणि वाचायचे. तुमच्याही ओळखीत असं एखादं हट्टी माणूस असेलच.

मग हवाई दलातल्या एका अधिकाऱ्याची नवी नवरी आली. नवरा लांब पोस्टिंगवर. तिला काहीतरी हलकंफुलकं हवं होतं. झोप लागते का, या प्रश्नाला ती "नाही" म्हणाली. काकूंनी तिला निरखून पाहिलं आणि नवऱ्याचं घर सोडून निघालेल्या एका बाईची कादंबरी दिली. आठवड्याभरात ती माहेरी साताऱ्याला गेली, ती परतलीच नाही.

सुट्टीवर आलेला नवरा पुस्तक परत करायला आला, तेव्हा मी तिथेच होते. आरडाओरडा नाही, काही नाही. "काकू, हे तिच्या उशाशी होतं. मीही वाचलं," एवढंच म्हणाला आणि चहा अर्धा टाकून गेला.

"मले तिचं दिसत होतं वं, म्हणूनच देल्लं," काकू म्हणाल्या. "पण त्याले मी कधी पाह्यलंच नोहतं."

त्या दिवसापासून काकूंनी प्रश्न विचारणं सोडलं. कपाटं उघडी झाली. "पाह्य तूच, काय पाह्यजे ते." लोकांना पुस्तकांपेक्षा काकूंची निवड हवी होती. हळूहळू ते येईनासे झाले.

माझी आई गेली, तेव्हा मी त्यांच्यापुढे जाऊन बसले. "काकू, झोप येत नाही. काहीतरी द्या ना."

त्यांनी कपाटाकडे हात नेला आणि मागे घेतला. "नको वं. माह्या हातानं नको."

मला त्यांचा फार राग आला. थोडा अजूनही आहे.

यंदा आमची बदली पुण्याला झाली. इथे एका लग्नात साताऱ्याला निघून गेलेली ती मुलगी भेटली. पंगतीत शेजारीच बसली होती. मी धीर करून त्या पुस्तकाचं विचारलं.

"कुठलं? हां, ते! ते मी उघडलंच नाही हो. काकूंकडे आले तेव्हा माझं तिकीट काढून झालं होतं. गाडीत वाचायला काहीतरी हवं होतं, पण निघायच्या गडबडीत उशाशीच राहिलं."

हे ऐकायला काकू हव्या होत्या. त्यांना जाऊन चार महिने झाले होते. पानात वाढलेलं तसंच ठेवून मी त्या भरल्या पंगतीत रडत बसले.