तांदळात लिहिलेलं नाव

माझं नाव नवऱ्यानं अंगठीनं लिहिलं, ताटात पसरलेल्या तांदळात. त्या एका घटकेत कोरेगावची मी दुसरीच कुणी झाले. नाव सासऱ्यांनी निवडलं होतं, जवळच्या संस्थानच्या राणीसाहेबांवरून. आडनावही एकच. फरक एवढाच की त्यांचं घराणं राजाचं आणि आमचं सांगलीजवळचं, ऊस लावणारं.

सत्तरच्या दशकात माझी पहिली कथा दिवाळी अंकात आली. भुईमूग काढता काढता शेताच्या बांधावर बाळंत झालेल्या माझ्या आईची. खाली नाव सासरचं छापलं; दुसरं काही सुचलंही नाही. पुढं कानावर आलं की सांगलीतलं एक वाचनालय त्या कथेच्या लेखिकेचा सत्कार करणार आहे. आमंत्रण पोस्टात अडकलं असेल असं मी धरून चालले आणि सासूला, आमच्या आत्याबाईंना, घेऊन एसटीनं गेले. लग्नातला शालू नेसून! काय ती माझी मिजास!

व्यासपीठावर राणीसाहेब बसलेल्या. तनखे बंद झाले तरी त्यांच्याशिवाय कुठला कार्यक्रम होत नसे, म्हणून मला नवल वाटलं नाही. मग अध्यक्ष उठले. "राजघराण्यात राहूनही रानातल्या बाईचं दुःख यांनी किती जवळून पाहिलंय!" टाळ्या पडल्या. शाल राणीसाहेबांच्या खांद्यावर गेली, नारळ त्यांच्या ओटीत.

माझी आई, तिच्या कळा, तो बांध, सगळं माझ्या डोळ्यांदेखत दुसरीला देऊन टाकलं होतं. मी उठले तशी आत्याबाईंनी माझा पदर ओढला.

"खाली बस. राणीसाहेबांम्होरं हुभं ऱ्हात्यात व्हय?"

कार्यक्रम संपला. आत्याबाई चपला शोधत मागं राहिल्या आणि मी तडक राणीसाहेबांच्या मोटारीपाशी गेले. नमस्कार वगैरे काही नाही.

"ती कथा माझी आहे."

"कुठली कथा?" राणीसाहेब गोंधळल्या. "अगं, मला सगळीकडंच शाल घालतात. भाषणं मी ऐकत नाही."

इतका वेळ जिच्यावर जळत होते तिला चोरीचा पत्ताच नव्हता! मी सगळं सांगितलं, नावाचंही. त्यांनी शाल काढून माझ्या हातात दिली.

"मलाही हे नाव सासऱ्यांनीच दिलं, त्यांच्या आईवरून. तुझं माहेरचं काय?"

मी सांगितलं.

"मग तेच घाल की कथेखाली."

"आणि तुमचं?"

त्यांनी बोलायला तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. ड्रायव्हर दार धरून उभा. कपाळावर आठ्या घालून त्या आठवत राहिल्या. मला आधी थट्टा वाटली. मग त्यांचे डोळे पाहिले आणि कळलं, त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"लहानपणीच आले गं इथं," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी हाक मारायलाच उरलं नाही."

मोटार गेली. मी शाल धरून तिथंच उभी. एकाएकी भयंकर भीती वाटली आणि मी माझं माहेरचं नाव मोठ्यानं उच्चारलं.

मागून आत्याबाई आल्या. इकडं तिकडं बघत म्हणाल्या,

"कुनाला हाक मारतीस गं?"