खिचडीचा उपास

स्टेशन बंद असलं की त्या जागी रेडिओवर खरखर येते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण स्टेशन चालू आहे आणि त्यावरून काहीच सोडलेलं नाही, अशा वेळी काय ऐकू येतं? काहीच नाही. खरखरसुद्धा नाही. विहिरीत तोंड घालून ऐकावं तशी एक गच्च शांतता असते. खरखर म्हणजे तिथं कुणी नाही. ती शांतता म्हणजे तिथं कुणीतरी आहे आणि बोलत नाही.

गाडीत दोन गाण्यांच्या मध्ये कधी निवेदकाची गडबड होते आणि क्षणभर तशी शांतता पडते. माझा हात लगेच बटणाकडं जातो. बायकोला वाटतं, मला जाहिराती आवडत नाहीत. तिला मी कधी खरं कारण सांगितलं नाही. मी कुणालाच फारसं काही सांगत नाही. अबोल स्वभाव आहे, असं लोक म्हणतात आणि मी त्यांना म्हणू देतो.

कोल्हापुरातल्या एका खासगी एफएम स्टेशनचा ट्रान्समीटर मी सांभाळतो. शहरात स्टुडिओ आहे, तिथं हसतीखेळती पोरं बोलत असतात. मी डोंगरावर, टॉवरच्या पायथ्याच्या खोलीत, पंख्यांच्या घरघरीत. आमच्या धंद्यातली भांडणं भाऊबंदकीसारखीच, फक्त इथं बांध दिसत नाही. सांगलीचा आवाज मिरजेच्या पुढं कुठं शिरतो, आमचा निपाणीत कुणाला नडतो, हे कानानंच कळायचं. वर तक्रार करायची म्हटलं तर उत्तर येईस्तोवर टॉवर गंजेल. म्हणून सांगली, बेळगाव, रत्नागिरी आणि आम्ही, असे रेडिओत काम करणारे काही जण आपसातच भेटायचो. कुणी कुठली फ्रिक्वेन्सी वापरायची, कुणी पॉवर थोडी कमी ठेवायची, हे चहावर ठरायचं. ना पाटी, ना अध्यक्ष.

आमची एक रीत होती. तिला आम्ही ‘उपास’ म्हणायचो. कुणाच्या वायरलेसमध्ये नको तो आवाज घुसायला लागला, की एका ठरलेल्या सकाळी प्रत्येक स्टेशननं आळीपाळीनं थोडा वेळ आपला ट्रान्समीटर पुरता बंद ठेवायचा. बाकीच्यांनी कान देऊन बसायचं. ज्याच्या उपासात आवाज थांबेल, त्याच्या यंत्रात खोट. आणि नियम एकच, दुसऱ्याचा उपास तपासायचा नाही. धरला म्हणाला, की धरला.

बेळगावचा आमचा जोडीदार फोनवर हमखास विचारायचा, “काय रे, खरंच बंद केलास, की खिचडी खाऊन बसलास?”

“निर्जळी हाय,” असं उत्तर द्यायचं.

या मंडळात आण्णा सगळ्यांत थोरले. नृसिंहवाडीच्या अलीकडं नदीकाठच्या एका गावात त्यांचं गावापुरतं रेडिओ केंद्र होतं. जैन घरातला माणूस. ऊस, थोडा भाजीपाला, खताचं दुकान आणि दुकानाच्या वरच्या खोलीत हे रेडिओचं वेड. ऊसतोडीची पाळी, दुधाचा दर, कुणाची शेळी हरवली, असलं सगळं ते स्वतःच्या घोगऱ्या आवाजात सांगायचे. पावसाळ्यात नदीचं पाणी कुठल्या पायरीला लागलं, हे गाव त्यांच्याकडूनच ऐकायचं. भेटायला येताना कवठाची बर्फी आणायचे आणि आमच्या उपासाची टर उडवायचे. “आमच्या घरात बाया धा धा दिस नुसत्या पाण्यावर ऱ्हात्यात. तुमचं म्हंजे एकादशी आन् दुप्पट खाशी!” मला ते ‘इंजनेर’ म्हणायचे. “घ्या इंजनेर, वाळून चाललाय की.”

आता मूळ गोष्टीकडं येतो. अजूनही आडवळणानं चाललोय, हे मला कळतंय.

त्या वर्षी पावसाळा तोंडावर आला असताना नदीकाठच्या बोटींवरच्या आणि पूर-नियंत्रणाच्या वायरलेसमध्ये चिरचिर यायला लागली. बोलणं मध्येच तुटायचं. पूर आला तर हे परवडणारं नव्हतं. त्याच सुमाराला माझ्या ट्रान्समीटरच्या शेवटच्या टप्प्यातला फिल्टर जळाला होता. नको त्या लहरी बाहेर पडू नयेत म्हणून तो असतो. नवा येईपर्यंत मी तांब्याची पट्टी टाकून थेट जोड दिली होती. ती चिरचिर माझी असणार, असा वास मला पहिल्या दिवशीच आला होता. पण स्टेशन बंद ठेवायचं म्हणजे वरून शिव्या. शिवाय यंत्र जुनं, एकदा थंड झालं तर पुन्हा उठेल याची खात्री नव्हती. अशी कारणं सापडतात माणसाला.

उपासाची सकाळ ठरली. मी डोंगरावर थांबलो, बाकीचे नदीच्या बाजूला वायरलेसला कान लावून बसले. माझी पाळी आली. मी ट्रान्समीटर बंद केलाच नाही. फक्त स्टुडिओकडून येणारा आवाज तोडला. ट्रान्समीटर लहर सोडतच राहिला, मुक्यानं. कुणी आमच्या स्टेशनवर रेडिओ लावून पाहिला असता, तर खरखरीऐवजी ती गच्च शांतता ऐकून लगेच ओळखलं असतं. पण दुसऱ्याचा उपास तपासायचा नाही.

बेळगावचा फोन आला. “झाला काय उपास?”

“झाला.”

“चिरचिर हाय तशीच हाय बघ. म्हणजे तू सुटलास.”

एकेक जण सुटत गेला. राहिले आण्णा. नदीला सगळ्यांत जवळ त्यांचंच केंद्र, आणि यंत्र घरीच हातानं जुळवलेलं. त्यांच्या पाळीला म्हणे क्षणभर आवाज कमी वाटला. माणसाला ऐकायचं असतं ते ऐकू येतं. आण्णांनी वाद घातला नाही. “माझ्यापायी एखादी बोट चुकाय नगं,” म्हणाले आणि पावसाळा संपेपर्यंत केंद्र बंद ठेवलं.

त्याच संध्याकाळी माझा नवा फिल्टर आला. मी गुपचूप बसवला. चिरचिर थांबली. झालं. आण्णांनी केंद्र बंद केलं आणि चिरचिर थांबली, याहून पक्का पुरावा कुणाला हवा होता?

तेव्हा तोंड उघडता आलं असतं. त्रास तर मिटलाय, पावसाळ्यानंतर बोलू, असं मी म्हणालो. स्वतःशीच म्हणालो, म्हणून ते मला पटलं.

श्रावणात पाणी चढलं, तेही अंधार पडायच्या आत, झपाट्यानं. गावातली बरीच घरं सवयीनं आण्णांच्या आवाजाची वाट बघत राहिली. रेडिओवर खरखर. माणसं निघाली सगळी, कशीबशी. पण आण्णांच्या शेजारच्या घरातल्या म्हशी दावणीलाच राहिल्या. पाणी ओसरल्यावर तो शेजारी भर चौकात आण्णांना म्हणाला, “एरवी शेळी हरवली तरी बोंबलतुयास. गाव बुडाय लागलं तवा दातखीळ बसलीती व्हय?”

आण्णा काही बोलले नाहीत. आपल्याच यंत्रामुळं बोटींचं बोलणं तुटत होतं, असं त्यांना वाटत होतं. कुठल्या तोंडानं बोलणार? गावानं त्यांचं नाव पाडलं, मुका आण्णा. केंद्र त्यांनी पुन्हा सुरू केलं नाही. आमच्या भेटींना यायचंही सोडलं. मी मात्र जात राहिलो आणि बर्फी आता कुणी आणत नाही, हे कुणीतरी म्हणालं की चहाचा कप तोंडाला लावायचो.

वर्षं गेली. गेल्या उन्हाळ्यात आम्ही कोल्हापुरात पुन्हा जमलो. सीमेच्या दोन्ही बाजूंना गावापुरती नवी केंद्रं निघायची आहेत. कुणाला कुठं बसवता येईल, हे बघायला टेबलावर नकाशा पसरला होता. आण्णांच्या गावातल्या बायकांच्या एका गटालाही केंद्र हवं होतं. बेळगावच्या जोडीदारानं त्या गावावर पेन्सिलनं फुली मारली.

“तिथं नको. जागाच वाईट. आण्णाच्या वेळचं विसरलात काय?”

मी म्हणालो, “ते आण्णांचं नव्हतं. माझं होतं.”

कुणाला नीट ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं. दुसऱ्यांदा म्हणणं जास्त जड गेलं.

“म्हणजे? तू तर उपास धरलावतास.”

“नुसता आवाज तोडला होता. ट्रान्समीटर चालूच होता.”

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग खोडरबर घेऊन फुली पुसायला लागला. कागद फाटेल इतकी घासली. सांगलीचे एक सद्गृहस्थ हळूच म्हणाले, “आम्हाला काय सांगताय. ज्यांचं गेलं त्यांना सांगा.”

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी आण्णांच्या घरी गेलो. ऐंशीच्या घरातले, सोप्यात खुर्चीवर, पायावर पंचा. काकूंनी पाणी आणून दिलं. आण्णांनी ओळखलं. “या इंजनेर. लई दिसांनी वाट चुकला.”

मी पाणी प्यायच्या आधीच सगळं सांगितलं. फिल्टर, तांब्याची पट्टी, मुका ट्रान्समीटर. काकू दारातच उभ्या राहिल्या होत्या.

“म्हंजे माझं यंत्र नीट हुतं,” आण्णा म्हणाले.

“होय.”

“मी उगंच बंद केलं.”

“होय, आण्णा.”

मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागं घेतले. “ते ऱ्हाऊ द्या. हे मला सांगून काय हुतंय? मला मुका तुमी न्हाय केला, गावानं केला. गावाला सांगा. आत्ता डेअरीत दूध घालाय समदी आल्याली असत्याल.”

मी गेलो. डेअरीपुढं किटल्यांची रांग होती. एक जण दुधाचं फॅट तपासत होता, त्याचं लक्ष यंत्रावर. मी मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. मला मोठ्यानं बोलायची सवय नाही. ट्रान्समीटर, लहर, फिल्टर यातलं त्यांना काय कळणार, म्हणून शेवटी साधं सांगितलं, “खोट माझ्या यंत्रात होती. मी खोटं बोललो. आण्णांनी माझ्या खोट्यापायी केंद्र बंद ठेवलं.”

“कुठल्या गावचं पावणं?” एकानं विचारलं.

“कोल्हापूरचा.”

रांगेत तो शेजारी होता, दावणीच्या म्हशींवाला. आता केस पांढरे झालेले. तो किटली खाली न ठेवताच म्हणाला, “आण्णानं धाडलं न्हवं तुमास्नी? म्हातारपणी नाव धुऊन घ्याय लागलाय जनू.”

दोघंतिघं हसले. मी म्हणालो, “नाही हो, मी आपणहून आलोय.”

“आपनहून! मग इतकी वर्सं कुठं हुतासा?”

माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी आपापलं ठरवून टाकलं. रांग पुढं सरकली. इतक्या वर्षांनी मी खरं बोललो आणि त्या खऱ्यानं आण्णांवर आणखी एक आळ चढला.

परत सोप्यात येईपर्यंत माझ्या मनात एक वाक्य तयार झालं होतं. ‘ऐकलं आण्णा सगळ्यांनी.’ तसं ते खोटंही नव्हतं. आवाज तोडून ट्रान्समीटर चालू ठेवण्याइतकंच खरं होतं.

“काय म्हनली?” आण्णांनी विचारलं.

“विश्वास नाही बसला. तुम्हीच मला पाठवलं असं म्हणाले.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. आण्णा मात्र हसले. घोगरं, खोकल्यात संपलेलं हसू.

“मग सांजच्याला परत जावा. दूध दोनदा येतंय. सांजच्या पाळीला बाया असत्यात, त्यास्नी सांगा. त्या इसरत न्हाईत.” मग आतल्या बाजूला मान वळवून म्हणाले, “ह्येंच्यासाठी भाकरी टाक. सांजपातूर हितंच हाईत.”